इथेनॉलला पक्का दर, मग मक्याला का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून गेले काही महिने जो वाद चालला आहे, त्यात गाडीवाल्यांची बाजू आली, साखर कारखान्यांची आली, मंत्र्यांची आली. आज देशात सगळ्यात जास्त इथेनॉल ज्या मक्यापासून तयार होतं, तो मका पिकवणाऱ्याची बाजू मात्र मला कुठे सविस्तर वाचायला मिळाली नाही. म्हणून हे पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, पण मधला भावाचा हिशेब तेवढा गाळू नका.

मी सिल्लोड तालुक्यातली शेतकरी. सासूबाई, मी आणि धाकटे दीर मिळून नऊ एकर कसतो. खरिपात पाच एकर मका, तीन एकर सोयाबीन, उरलेल्यात मिरची आणि जनावरांचा चारा. तीन गाई आहेत, दूध डेअरीला जातं. घरात एक जुनी मोटारसायकल, एक स्कूटर आणि पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आहे. मका विकणारी मी, सोयाबीन विकणारी मी, पेंड विकत घेणारी मी आणि पंपावर रांगेत उभी राहणारीही मीच. त्यामुळे इथेनॉलचा नफा काय नि तोटा काय, हे दोन्ही मला घरबसल्या दिसतं.

आधी फायदा सांगते, कारण तो खरा आहे. २०२० साली कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली, पोल्ट्र्या बसल्या आणि मक्याला कुणी विचारेना. हमीभाव १,७६० रुपये होता आणि आमच्याकडे मका अकराशे-बाराशेला गेला. मक्याचं गिऱ्हाईक म्हणजे कोंबडी आणि स्टार्चचे कारखाने, एवढंच तेव्हा होतं. कोंबडी पडली की मका पडायचा.

हे चित्र डिसेंबर २०२३ नंतर बदललं. पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट तर गाठायचं होतं. मग जानेवारी २०२४ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैसे जादा देऊन तेल कंपन्यांचा खरेदी दर ७१ रुपये ८६ पैसे केला गेला. उसाच्या रसाच्या, मळीच्या, तांदळाच्या, कुठल्याही इथेनॉलपेक्षा हा दर जास्त. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात मक्यापासून सुमारे ३१ कोटी लिटर इथेनॉल झालं होतं, ते पुढच्याच वर्षी २८६ कोटी लिटरवर गेलं. मोंढ्यात त्याचा परिणाम लगेच दिसला. बावीसशे, तेवीसशे असे भाव निघाले. व्यापारी खळ्यावर येऊन मका मागू लागले, हे आमच्या गावाने पहिल्यांदा पाहिलं. त्या पैशातून आम्ही विहिरीवरची मोटर बदलली आणि सोसायटीचं कर्ज नवं-जुनं न करता खरोखर फेडलं.

दुसरा फायदा पाण्याचा, आणि मराठवाड्याच्या माणसाने तो विसरू नये. साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं आहे. आमच्याकडचा खरिपाचा मका पावसावर येतो, फार तर तुरा-कणीस निघताना पावसाने ओढ दिली तर एखाद-दुसरं पाणी द्यावं लागतं. टँकरच्या प्रदेशात उसाऐवजी मक्यातून इंधन निघत असेल तर ते चांगलंच आहे. डॉलर वाचतात, तेही मला पटतं. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटींहून अधिक परकीय चलन वाचल्याचं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. त्या आकड्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या गोष्टीशी.

भाव मिळाला म्हणून सगळ्यांनी मका पेरला. २०२५ च्या खरिपात देशभर मक्याचा पेरा वाढला, आमच्या शिवारात तर कपाशी मोडून लोकांनी मका घेतला. हमीभाव २,४०० रुपये जाहीर झाला होता. सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते आपल्या पानांवर रोज येतच होतं. कणसं झाडावरच भिजली. उघडीप मिळाली तेव्हा घाईघाईने मोडणी केली, मळणी यंत्र मिळेल त्या भावाने बोलावलं, ताडपत्री घालायची, काढायची, ढग आले की परत झाकायची. शेवटी मुलांच्या फीसाठी आणि रब्बीच्या खतासाठी पैसे हवे होते, म्हणून दिराने ट्रॅक्टर भरला.

मोंढ्यात पोत्यातून मूठभर दाणे काढून ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले. आकडा आला बावीस. सरकारी खरेदीला चौदापर्यंतच चालतो, म्हणजे ते दार बंद. व्यापाऱ्याने दाणा दाताखाली धरला, दोन-तीन दाण्यांवरची बुरशीची काळी टिकली दाखवली आणि सतराशे सांगितले. शेजारच्या गाडीला पंधराशे मिळाले होते. आम्ही दिला. परत आणून वाळवायचा कुठे?

आता हिशेब बघा. बावीस टक्के ओलाव्याचा क्विंटलभर मका चौदा टक्क्यांवर आणला तर साधारण एक्क्याण्णव किलो उरतो. म्हणजे माझा सतराशेचा मका कोरडा धरून पावणेएकोणीसशेला गेला. व्यापाऱ्यावर अन्याय नको म्हणून ही घट मी धरली आहे. तरी हमीभावापेक्षा सव्वापाचशे रुपये कमी. शंभर क्विंटल घातले की सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले.

दुसऱ्या टोकाला काय होतं? टनभर मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे क्विंटलला ३८ लिटर. ७१.८६ च्या दराने त्याचे २,७३० रुपये होतात. शिवाय तीसेक किलो सुकी पेंड उरते, तिचे पैसे वेगळे. डिस्टिलरीने मका २,४०० ने घेतला तर तिच्या हातात ३३० रुपये आणि पेंड राहते. त्यातून कोळसा, वीज, एन्झाइम, मजुरी, बँकेचं व्याज भागवायचं. ओढाताणीचा धंदा आहे, मान्य. पण मोंढ्यातला मका १,८७५ ला पडला असेल तर तेच ३३० चे ८५५ होतात. त्यातून वाहतूक, हमाली, आडत, व्यापाऱ्याचा नफा वजा करा. जे काही उरेल त्यातला एक रुपया माझ्यापर्यंत येत नाही. मका बावीसशे-तेवीसशेवरून पावणेएकोणीसशेवर आला, इथेनॉलचा दर मात्र ७१.८६ वरून पैशाने खाली आला नाही. भाव पडल्याचा सगळा भार शेताच्या बांधावरच उतरला.

आणि हा दर काही बाजाराने ठरवलेला नाही. सरकारने ठरवलेला आहे, मका पिकवणाऱ्याला चांगला भाव मिळावा हे कारण देऊन ठरवलेला आहे. सार्वजनिक तेल कंपन्या तो देतात आणि शेवटी पेट्रोल भरणारा प्रत्येक माणूस तो भरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयाने स्वतःच सांगितलं की इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते आणि ती शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या किमतीपेक्षा जास्त आहे. मग शेतकऱ्याच्या नावाने दिलेला हा जादा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचतो की नाही, हे तपासण्याची जबाबदारी कुणाची?

उसाचं बघा. डिस्टिलरी साखर कारखान्याची असो की आणखी कुणाची, उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज. कारखाने थकवतात, आंदोलनं करावी लागतात, सगळं खरं. पण थकवलं तर पुण्याचे साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे सक्तीच्या वसुलीचा आदेश, काढू शकतात, कारखान्याच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते. उसवाल्याच्या हातात कायद्याचा कागद आहे. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यावर असलं कुठलंच बंधन नाही. त्याने मका कुणाकडून, काय भावाने घेतला हे कुणी विचारत नाही. आमचा हमीभाव सरकार जाहीर करतं, पण त्या भावाने घेतलाच पाहिजे असं कुणावर नाही. एकाच टाकीत जाणारं इंधन, एका पिकाला कायदा आणि दुसऱ्याला वारा, हे कसलं धोरण?

हे एकट्या सिल्लोडचं रडगाणं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात मका उत्पादक रस्त्यावर उतरले, तिथल्या मुख्यमंत्र्यांना पंतप्रधानांना पत्र लिहावं लागलं. भाव पडण्यामागे पेरा वाढला हे कारण आहेच, पण सरकारचा हातही आहे. जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपयांवर आणला. स्वस्त तांदूळ दारात आल्यावर कारखानदार मक्यासाठी जास्त मोजेल कशाला? त्यात वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठून झालं. २०२५-२६ च्या पुरवठ्यासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर मागितलं, कारखान्यांनी देऊ केलं १,७७६ कोटी लिटर. म्हणजे कारखाने उभे राहिले, पेरा वाढला, आणि मागणी आहे तिथेच थांबली.

अमेरिकेत हे आधीच होऊन गेलं आहे. तिथे २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल मिसळणं सक्तीचं केलं. आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय या राज्यांतले शेतकरी आनंदले, मक्याखालची जमीन वाढली. आज तिथला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मका इथेनॉलला जातो. २०१२ च्या दुष्काळात मक्याने बुशेलला (सुमारे पंचवीस किलोला) आठ डॉलर ओलांडले. पण पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर येऊन अडलं, पीक भरपूर आलं आणि २०१४ मध्ये भाव चार डॉलरच्या खाली आला. तिथून पुढे तिकडचा शेतकरी पंधरा टक्के मिश्रण वर्षभर विकू द्या म्हणून मागणी करतो आहे, आणि त्यांचं सरकार आमचा मका आणि इथेनॉल घ्या म्हणून भारताच्या मागे लागलं आहे. आयोवाच्या शेतकऱ्याला पीक विमा आहे, सरकारी आधार आहे, शेकडो एकर जमीन आहे. त्यालाही मिश्रणाच्या सक्तीने पडत्या भावापासून वाचवलं नाही. नऊ एकरवाल्याला ती कशी वाचवेल? मिश्रण वीसवरून सत्तावीस किंवा तीस टक्के करा, मग भाव सुधारेल, असं जे आता म्हटलं जातं त्यावर माझा म्हणून विश्वास नाही. ब्राझीलने २०२५ मध्ये तीस टक्के केलं हे खरं, पण मिश्रण वाढवून चार वर्षं निघतील आणि मग पुन्हा हीच भिंत येईल. बंधन भावाला हवं.

सोयाबीनबद्दल थोडं लिहिते. मक्यातला स्टार्च इथेनॉलला गेला की उरलेल्या पेंडीला डीडीजीएस म्हणतात. प्रथिनं सोयापेंडीपेक्षा कमी, पण भाव खूपच कमी, म्हणून कोंबडीच्या आणि जनावरांच्या खाद्यवाल्यांनी सोयापेंड कमी करून ही घालायला सुरुवात केली. सोयाबीनच्या दाण्यात तेल अठराएक टक्केच असतं, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला उठाव नसेल तर सोयाबीनला भाव कुठून येणार? २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात चार हजार-बेचाळीसशेला सोयाबीन विकलं गेलं. एकट्या डीडीजीएसमुळे झालं असं मी म्हणत नाही, जगातच सोयाबीन स्वस्त होतं. पण मक्यात चार पैसे मिळाले त्या वर्षी ते सोयाबीनमध्ये गेले, हे आमच्या वहीत दिसतं. विदर्भ-मराठवाड्यात मक्यापेक्षा सोयाबीनचे शेतकरी कितीतरी जास्त आहेत. इथेनॉलने शेतकऱ्यांना किती कोटी दिले हे सांगताना ही बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

दुधाची बाजू तर कुणी बोलतच नाही. डीडीजीएसची पेंड आता आमच्याकडेही मिळते, सरकीपेक्षा स्वस्त म्हणून लोक घालतात. पण बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. इथेनॉल काढल्याने ते जात नाही. दाण्याचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि विष पेंडीत तिप्पट दाट होऊन उरतं. गाईच्या पोटातून त्याचा अंश दुधात उतरतो. २०२५ सारख्या भिजलेल्या वर्षी निघालेली पेंड कुणी तपासून विकली? पोत्यावर तपासणीचा आकडा छापण्याची सक्ती करायला फार खर्च नाही.

पेट्रोलचं आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या अहवालाने जुन्या धर्तीच्या चारचाकीत सहा ते सात टक्के आणि दुचाकीत तीन ते चार टक्के मायलेज घटेल असं आधीच लिहिलं होतं. मग भाव तेवढा कमी का नाही? ब्राझीलमध्ये पंपावर निव्वळ इथेनॉलचा आणि मिश्र पेट्रोलचा भाव वेगवेगळा लावलेला असतो, इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर लोक ते भरतात. अमेरिकेत पंधरा टक्क्यांच्या नळीवर ठळक लेबल असतं. आपल्याकडे १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडीचा हक्क मागणारी याचिका फेटाळली. आता सरकारनेच मनावर घेतलं तर होईल.

मला मोटारसायकलपेक्षा फवारणी पंपाची जास्त काळजी आहे. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी शिरली की दोन दिवस थांबता येत नाही. आमचा पंप टू-स्ट्रोक आहे, हंगाम संपला की सहा-सात महिने कोपऱ्यात पडून असतो. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. यंदा जूनमध्ये दोरी ओढून ओढून दिराचा हात दुखला, पंप काही सुरू होईना. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडला तर आतला रबरी पडदा फुगून वाकडा झालेला, जेट चिकटलेला, पेट्रोलची नळी हाताने मोडावी इतकी कडक. त्याच्या दुकानात असे पंप आणि ग्रास कटर रांगेने मांडलेले होते. तो म्हणतो, हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत इंजिन चालवा. हे आता आम्ही करतो, पण पंप विकताना किंवा पेट्रोल विकताना हे कुणी सांगत नाही. २०२३ नंतरच्या गाड्या ई-२० साठी तयार आहेत, हे उत्तर या पंपांना लागू होत नाही. कृषी विभागाने गावोगावी एक साधं पत्रक वाटलं तरी कितीतरी शेतकऱ्यांचे पंप वाचतील.

माझी मुख्य मागणी एकच आहे आणि ती अवघड नाही. तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये देताना कारखान्याकडून मका खरेदीच्या पावत्या मागाव्यात. शेतकऱ्याच्या किंवा शेतकरी कंपनीच्या खात्यावर हमीभावाने पैसे जमा झाले असतील तर पूर्ण दर द्यावा, नसतील तर ५.७९ चा जादा पैसा कापावा. ओलाव्याची कपात करायची तर ती वजनाच्या हिशेबाने, ठरलेल्या तक्त्यानुसार व्हावी, व्यापाऱ्याच्या दाताखालच्या दाण्यावर नको. आणि या जादा पैशातला थोडा भाग मका पिकणाऱ्या तालुक्यांच्या बाजार समित्यांत ड्रायर बसवायला द्यावा. ड्रायर असता तर बावीसचा मका चौदावर आणून आम्ही सरकारी खरेदी केंद्रावर नेला असता.

इथेनॉलचं पुरवठा वर्ष नोव्हेंबरला सुरू होतं, म्हणजे तेल कंपन्यांच्या निविदा त्याआधी निघतात आणि तेव्हा आमचा मका शेतात उभा असतो. पुढच्या निविदेत ही अट यायची असेल तर ती आत्ता मागावी लागेल. मराठवाडा, खानदेश, नाशिक भागातल्या खासदारांनी संसदेत पेट्रोलियम मंत्र्यांना एवढा एकच प्रश्न विचारावा: मक्याच्या इथेनॉलला आजवर दिलेल्या पैशातून हमीभावाने किती क्विंटल मका खरेदी झाला? त्याचं उत्तर आकड्यात मिळेपर्यंत आपल्या दैनिकाने हा प्रश्न लावून धरावा, ही विनंती.

आपली,
एक मका उत्पादक शेतकरी
ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर
(नाव छापू नये)